नेपच्यूनच्या छपराखाली

माझा पुतण्या सातारा जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे. गेल्या पावसाळ्यात कसलासा कागद देण्यासाठी तो मुंबईला आला होता. राज्य पोलीस मुख्यालयातले काम उरकून तो बाहेर आला आणि आम्ही दोघे रीगलच्या बाजूला, वेलिंग्टन फाउंटनपाशी, सिग्नल सुटायची वाट पाहत उभे राहिलो. सर नुकतीच येऊन गेली होती. समोरच्या इमारतीचा काळा दगड भिजला की निळसर दिसू लागतो, आणि त्यावरच्या कमानींचे फिके दगड एरवीपेक्षा उठून येतात. त्याने मान वर केली आणि बराच वेळ ती तशीच ठेवली. मग म्हणाला, "काका, आमच्या ऑफिसवर हा दाढीवाला कोण बसवलाय?"

वर, दर्शनी भागाच्या त्रिकोणात, नेपच्यून आहे. भोवती जलपऱ्या आणि समुद्री घोडे. मी त्याला सांगितले की हा रोमन लोकांचा समुद्रदेव, आणि हे घर मुळात बंदरात उतरणाऱ्या गोऱ्या खलाशांसाठी बांधलेले होते. ते त्याला पटले. "म्हणजे खलाशी गेले आणि आम्ही आलो," असा त्याने निष्कर्ष काढला. मी म्हणालो, "मध्ये पन्नासेक वर्षे इथे विधिमंडळ भरत होते. आधी मुंबई प्रांताचे, मग मुंबई राज्याचे, मग आपल्या महाराष्ट्राचे." त्याने एकदा इमारतीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि जबाब नोंदवताना विचारतात त्या थाटात विचारले, "कुठं लिहिलंय?"

सिग्नल सुटला आणि आम्ही रस्ता ओलांडला. प्रश्न मात्र सुटला नाही.

खरोखरच, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असे तिथे काही नाही. खलाशी ५२ वर्षे राहिले आणि जाताना आपला देव कपाळावर सोडून गेले. पोलीस खाते १९८२ पासून आहे, त्याची पाटी आहे, निळ्या दिव्यांच्या गाड्या आहेत, फाटकावर पहारा आहे. या दोघांच्या मधला काळ, ज्यात कोकणातल्या कुळापासून मुंबईच्या माथाड्यापर्यंत प्रत्येकाच्या आयुष्याला हात लावणारे कायदे झाले, तो दगडावर कुठेच उमटलेला नाही. इमारतीचा चेहरा बघून तिची चरित्रकथा लिहायला बसलेला माणूस हा मधला अध्याय सरळ गाळून पुढे जाईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

पहिल्या अध्यायातही मराठी माणसाच्या ओळखीचे एक नाव आहे. व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरो आल्फ्रेड, १८७० साली मुंबईला आला. त्याच्या भेटीची आठवण म्हणून बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी २ लाख रुपये दिले, राजपुत्राच्या हातून कोनशिला बसवली गेली, आणि घराचे नाव पडले 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम'. खंडेराव त्याच वर्षी वारले. १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली इमारत पाहायला ते नव्हते. याच खंडेरावांनी मुंबईला राणीचा संगमरवरी पुतळाही दिला होता, आणि १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी ज्याला डांबर फासले तो हाच पुतळा. एकाच दात्याच्या दोन देणग्यांपैकी एकीला डांबर लागले आणि दुसरीत पुढे मराठी आमदार जाऊन बसले, हा योगायोग मला इतिहासातल्या पुष्कळ थोर प्रसंगांपेक्षा अधिक बोलका वाटतो. दरबारी खुशामतीच्या पैशाने उभे राहिलेले घर पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे देणाऱ्याच्या हाती कधीच नसते; खंडेरावांच्याही नव्हते.

इमारतीचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सकडे होते. तेव्हा तो सार्वजनिक बांधकाम खात्यातला तरुण नोकर होता; १८४७ चा जन्म, १८६७ मध्ये हिंदुस्थानात आगमन. पुढे बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस, त्याच्या समोरचे महानगरपालिकेचे मुख्यालय आणि चर्चगेटचे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे कार्यालय बांधून ज्याने मुंबईच्या चेहऱ्याला आजचे वळण दिले, त्याचे हे पहिले मोठे काम. व्हीटी पाहिल्यावर इथे आले की लक्षात येते, पुढे त्याने जे मोठ्या आवाजात सांगितले त्याची जुळवाजुळव इथे चालली होती. टोकदार कमानी, खालीवर धावणारे खोल व्हरांडे, काळ्या खडबडीत भिंतींवर फिक्या दगडाची कड, आणि कोरीव कामाला दिलेली मोजकीच जागा. व्हीटीवर जिकडे नजर जाईल तिकडे माकडे, मोर आणि पानाफुले आहेत. इथे कारागिराचा हात आखडता आहे आणि सगळा खर्च एका त्रिकोणावर केल्यासारखा वाटतो. मला हा संयम आवडतो. व्हीटी पाहून दमायला होते. सेलर्स होम पाहताना दम खाता येतो.

व्हरांड्यांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण या घराने तीन बिऱ्हाडे सहज सामावून घेतली त्याचे रहस्य मला वाटते तिथेच आहे. विलायतेतल्या गॉथिक इमारतीला असा व्हरांडा नसतो. तिथे ऊन आत यावे म्हणून धडपड असते. मुंबईत तो उन्हाला आणि पावसाच्या झडीला भिंतीपासून दूर ठेवण्यासाठी आला. पण व्हरांड्याचा दुसरा गुण असा की तो कोणत्याच खोलीचा नसतो. खलाशी तिथे पाइप ओढत समुद्राकडे पाहत बसले असतील, आमदार तिथे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून मतांचा हिशेब करत असतील, आणि आज कुणी शिपाई फाइल घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जात असेल. खोल्यांचा उपयोग बदलला तरी व्हरांडा त्याच कामावर राहतो. ज्या सरकारी इमारतींत बंद मार्गिका आणि दोन्ही बाजूंना दारे असतात, त्यांचा उपयोग बदलायचा म्हटले की भिंती पाडाव्या लागतात. इथे तशी वेळ फारशी आली नसावी.

खलाशांच्या घरात आत कशी माणसे राहत? २० अधिकारी आणि ५८ खलाशी यांची सोय होती, आणि वेळ पडली तर शंभरेक माणसे दाटीवाटीने राहू शकत. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला, आणि विलायतेहून येणाऱ्या जहाजांची संख्या वाढत चालली होती. जहाज बंदराला लागले की पगार हातात पडलेला खलाशी दारूच्या गुत्त्यात आणि दलालांच्या तावडीत सापडे, आणि ते टाळण्यासाठी सुधारक मंडळींनी बंदरोबंदरी अशी घरे काढली होती. म्हणजे या इमारतीचा पहिला हेतूसुद्धा एका परीने बंदोबस्ताचाच होता, हे पुतण्याला सांगितले असते तर तो खूश झाला असता.

पण त्याच जहाजांच्या भट्टीत कोळसा ओतणारे, दोर ओढणारे, डेक धुणारे देशी खलाशी होते, आणि त्यांतले कितीतरी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे होते. नेपच्यूनच्या छपराखाली त्यांना जागा नव्हती. ते गावकीच्या खोल्यांत राहिले. गोव्याच्या तारवट्यांनी, म्हणजे खलाशांनी, धोबीतलाव भागात आपापल्या गावाच्या कुडी, म्हणजे सामाईक बिऱ्हाडे, काढली. एकेका कुडीत भिंतीला लागून ट्रंकांची रांग, एक देव्हारा, आणि जहाज मिळेपर्यंत टेकायला हक्काची फूटभर जागा. जेर महालात अशा कुडी अजून आहेत. स्टीव्हन्सच्या इमारतीइतक्याच त्याही मुंबईच्या सागरी इतिहासाच्या वास्तू आहेत, फक्त त्यांच्यावर कुणी राजपुत्राचे नाव घातले नाही. वर्गणीतून चालणारी ही घरे कुणाच्या देणगीशिवाय टिकली, याचे मला अधिक अप्रूप आहे.

१९२८ मध्ये सरकारने सेलर्स होम विधिमंडळासाठी घेतले. मुंबई प्रांताचे पहिले कायदेमंडळ १८६२ मध्ये टाउन हॉलमध्ये भरले होते आणि त्यात नाना शंकरशेट होते. पुढच्या काळात फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले असे सभासद होऊन गेले. पण ते सगळे या घराच्या आधीचे. टिळक इथे बोलले, असे सांगणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांच्या भक्तीविषयी शंका नाही, परंतु टिळक गेले तेव्हा इथे अजून खलाशीच राहत होते. १९१९ च्या सुधारणांनी सभासदांची संख्या वाढली आणि कौन्सिलला स्वतःची ऐसपैस जागा हवी झाली. सेलर्स होम त्या कामी आले, त्याला सभागृहाची जोड मिळाली, आणि लोकांच्या तोंडी 'कौन्सिल हॉल' हे नाव बसले. माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत या इमारतीला दुसऱ्या कोणत्याही नावाने ओळखले नाही.

१९३७ मध्ये नव्या कायद्याने निवडून आलेली विधानसभा आली. बाळासाहेब खेर पंतप्रधान, कारण तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत, आणि अध्यक्षस्थानी गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर. कोकणातली खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी त्याच वर्षी मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि घाटावरचे हजारो शेतकरी कौन्सिल हॉलच्या दिशेने चालत निघाले. शामराव परुळेकरांसारखे पुढारी सोबत होते. शिष्टमंडळ खेरांना भेटले, मागण्या ऐकून घेतल्या गेल्या, विधेयक मात्र पास झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, त्याच विधिमंडळात, पुन्हा खेरांच्याच सरकारच्या हातून. मध्ये ११ वर्षे गेली. त्या मोर्चात चाललेल्यांपैकी ज्यांना तो दिवस दिसला नाही त्यांची नावे कुठे आहेत, असा प्रश्न मनात येतो, आणि त्याचे उत्तर पुन्हा पुतण्याच्याच प्रश्नाशी जाऊन थांबते.

या इमारतीशी माझी स्वतःची ओळख रस्त्याच्या पलीकडून झाली. रीगलच्या चौकात, सहकारी भांडाराच्या वर, मॅजेस्टिक आमदार निवास होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले हे डब्ल्यू. ए. चेंबर्सचे हॉटेल, बाहेरून राजवाड्यासारखे, आणि आत आमच्या तालुक्यातली अर्धी माणसे. सत्तरच्या दशकात आत्याला मुंबईच्या दवाखान्यात दाखवायचे होते तेव्हा वडील मला बरोबर घेऊन आले आणि आम्ही आमच्या आमदारांच्या खोलीत उतरलो. उतरलो म्हणजे खाटेवर नव्हे. खाटेवर आमदारही क्वचित झोपत असावेत, कारण ती पिशव्या, फायली आणि चिवड्याच्या डब्यांनी भरलेली असे. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या, त्यावर कुणी बदलीसाठी आलेला मास्तर, कुणी विहिरीच्या कर्जासाठी आलेला शेतकरी, कुणी मुलाला चिकटवण्यासाठी चिठ्ठी मागायला आलेला बाप. दोरीवर ओली धोतरे, हवेत तंबाखू, खोबरेल आणि कुणाच्या तरी जखमेवरच्या मलमाचा वास. रात्री दिवा मालवल्यावरही बोलणे चालू राही, आणि ते सगळे पाण्याविषयी असे. किती फुटांवर लागले, कुणाच्या विहिरीला लागले, कुणाचे आटले.

सकाळी आमदार कडक इस्त्रीचा खादीचा झब्बा घालून निघत आणि रस्ता ओलांडून समोरच्या फाटकातून आत जात. त्यांच्या मागे फाटकापर्यंत पाच-सहा टोप्या चालत. रस्त्याची रुंदी काही फार नाही, पण तेवढ्या अंतरात निदान दोन अर्जांवर सह्या होत आणि एका बदलीचे आश्वासन दिले जाई. एक दिवस वडिलांना प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला. मी लहान म्हणून मला प्रवेश नव्हता. आत्याजवळ बसून मी खिडकीतून ती कमानींची रांग पाहत राहिलो. वडील परत आले ते गंभीर चेहऱ्याने. गुळगुळीत फरशीवर चपला वाजू नयेत म्हणून ते चवड्यांवर चालले होते, असे त्यांनी सांगितले. आत काय चालले होते, असे आत्याने विचारले, तर म्हणाले, "एक जण बोलतो आणि बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतात. आपल्या ग्रामपंचायतीसारखंच आहे, पण पंखे जास्त आहेत."

त्या वेळी आमच्या भागात दुष्काळ नुकताच सरला होता. १९७२ चा. गावोगावी बायाबापड्या रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होत्या. आईने फोडली, चुलतीने फोडली. मुठीला चिंध्या गुंडाळलेली हातोडी, डोळ्यांत जाणारी कपची, संध्याकाळी ढिगाला लावलेले माप. सेलर्स होमच्या भिंतींत आहे तोच हा दगड, सह्याद्रीचा काळा पाषाण. एका ठिकाणी त्याचे घडीव चिरे झाले आणि दुसऱ्या ठिकाणी रस्त्याची खडी. आमदारांच्या पाठीमागे टोप्या चालत होत्या तेव्हा समोरच्या घरात विधान परिषदेच्या सभापतींच्या खुर्चीवर वि. स. पागे बसत होते, ज्यांच्या डोक्यातून रोजगार हमीची कल्पना निघाली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी १९६५ मध्ये तिचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात ती राज्यभर राबली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे सरकारवर बंधन म्हणून लिहिले गेले. आईच्या हातोडीचा आणि त्या कमानींचा संबंध आहे हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली, आणि तो आजही मला नीटसा सांगता येत नाही. पण रीगलच्या चौकात उभे राहिले की तो जाणवतो.

कायद्यांची यादी द्यायची तर लांबेल. हिवाळी अधिवेशनाला सभागृह नागपूरला जाई, कधी पुण्यातही भरे, पण विधिमंडळाचे बिऱ्हाड इथले. कसेल त्याला जमीन देणारा १९४८ चा कूळकायदा, १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा, ज्याने माझ्या वडिलांसारख्या चौथी शिकलेल्या माणसाला सरकारी कचेरीत खुर्ची मागण्याचे धाडस दिले, १९६४ चा राजभाषेचा कायदा, १९६९ चा माथाडींचा. या सगळ्यांचा माग हवा असेल तर तो सातबाऱ्याच्या उताऱ्यात आणि हजेरीपटात सापडतो. शिवाय तो कामकाजाच्या छापील वृत्तांतांत सापडतो. ते जाडजूड खंड मी काही काळ चाळले आहेत, आणि त्यांत मला सगळ्यांत मोह पडतो तो कंसांतल्या शब्दांचा. भाषणाच्या मध्येच छापलेले असते: (हशा). किंवा (अडथळा). लघुलेखकाने पेन्सिलीने टिपलेला तो हशा कोणाचा, किती जोराचा, त्याने बोलणारा बिथरला की सुखावला, हे कंस सांगत नाही. तरी त्या सभागृहातला आवाज म्हणून आपल्या हाती उरला आहे तो एवढाच.

आणि एक मोठा आवाज बाहेरचा आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये आत राज्यपुनर्रचनेवर चर्चा चालू होती आणि मुंबईचे काय करायचे हे ठरायचे होते. २१ तारखेला गिरण्या बंद पडल्या, कामगार आणि मध्यमवर्गीय चाकरमाने लाखोंनी कौन्सिल हॉलकडे निघाले. फ्लोरा फाउंटनपाशी त्यांना अडवले गेले आणि गोळीबार झाला. त्या दिवशी १५ माणसे गेली. फ्लोरा फाउंटनपासून रीगल म्हणजे रमतगमत दहा मिनिटांची वाट. ती दहा मिनिटे त्यांना चालू दिली गेली नाहीत. पुढे १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार निवडून आले आणि ज्या दारापर्यंत पोहोचू दिले नव्हते त्याच दारातून आचार्य अत्रे आणि त्यांचे सहकारी आत जाऊन बसले. द्वैभाषिक राज्याच्या त्या विधानसभेत ३९६ सभासद होते. आजच्यापेक्षा १०८ अधिक. खलाशांच्या घरात इतकी गर्दी खलाशांच्या काळातही झाली नसेल.

हुतात्मा स्मारक फ्लोरा फाउंटनला आहे, आणि ते तिथेच योग्य आहे. पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली आहे. या विधिमंडळाची शहरात जी एकमेव ठळक खूण आहे ती आत पोहोचू न शकलेल्यांची आहे. आत बसलेल्यांची एकही नाही. मी हे पुतण्याला त्या रात्री जेवताना सांगितले. मला वाटले होते की पोलिसांनीच गोळ्या घातल्या आणि आज त्याच घरात पोलिसांचे मुख्यालय आहे, यावर तो अवघडेल. तो शांतपणे भाकरी मोडत राहिला आणि म्हणाला, "गोळी घालायचा हुकूम देणारा त्या दिवशी आत बसला असंल, काका. बंदोबस्ताला उभा असलेला पण बाहेरच होता की." मी काही बोललो नाही. बारा-बारा तास मोर्च्यांच्या कडेला उभा राहणारा मुलगा बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात समर्थन नव्हते, तक्रारही नव्हती. फक्त फाटकाची कोणती बाजू कोणाची, याचा पक्का हिशेब होता.

विधिमंडळ १९८१ मध्ये नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनात गेले. १९ एप्रिलला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. पुढच्या वर्षी या घरात पोलीस महासंचालकांचे कार्यालय आले, आणि त्याच १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड करून शहर हादरवले, ही आणखी एक चमत्कारिक गाठ. नवे विधानभवन भव्य आहे, सोयीचे आहे. तरी रस्ता ओलांडताना अर्जावर सही घेण्याची सोय गेली. मॅजेस्टिकही जीर्ण झाले आणि रिकामे करावे लागले.

पोलीस खात्याने ही वास्तू जपली, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. इमारतीला काम असले आणि मालक भक्कम असला की ती टिकते. याचा उलट पुरावा चालत पाच-सात मिनिटांवर काळा घोड्याला उभा आहे. वॉटसन हॉटेल १८७१ मध्ये उघडले, विलायतेतून लोखंडी सांगाडा आणून जोडलेले. मग त्याच्या खोल्यांत वकिलांची दालने आणि छोटी दुकाने झाली, मालक आणि भाडेकरू यांच्यात दुरुस्ती लोंबकळत राहिली, आणि अखेर २०१९ मध्ये ते रिकामे करावे लागले. दुसरीकडे, वस्तुसंग्रहालयासमोरचा सर कावसजी जहांगीर हॉल १९९६ मध्ये आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन झाला आणि तिकीट काढून कुणालाही आत जाता येऊ लागले. सेलर्स होमचे भाग्य या दोहोंच्या मधले. ते पडले नाही, सडले नाही; पण जिथे एकेकाळी माझे वडील पास घेऊन चवड्यांवर चालत गेले तिथे आज काम असल्याशिवाय जाता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. प्रेक्षक गॅलरी असलेले घर प्रेक्षकांसाठी बंद झाले याची चुटपुट मात्र मला लागते, आणि ती कोणत्याही तर्काने जात नाही.

म्हणून निदान एक पाटी असावी. नेपच्यूनला हात लावायचे कारण नाही. तो त्याच्या जागी शोभून दिसतो, आणि राज्याच्या पोलीस खात्याच्या डोक्यावर परक्या समुद्राचा देव बसला आहे यातली गंमत शहराने जपावी. सभापतींच्या आणि मुख्यमंत्र्यांच्या नावांची लांबलचक यादीही नको, ती विधानभवनात मिळते. १९२८ आणि १९८१ ही दोन साले, खोती, राजभाषा आणि रोजगार हमी हे तीन शब्द, आणि १० जानेवारी १९३८ व २१ नोव्हेंबर १९५५ या दोन तारखा, एवढा मजकूर पुरे. तो मराठीत असावा, मोठ्या अक्षरांत असावा, आणि फाटकाच्या आत कुठेतरी लावून अनावरणाचा सोहळा करण्यापेक्षा पदपथाकडच्या कुंपणावर, बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा.